ऋण, पाप आणि मुक्ती : ख्रिस्ती कर्जविचार व मराठी भाषांतराचा प्रश्न

कर्ज ही मूलतः व्यवहारातील संज्ञा होय. ख्रिस्ती परंपरेत मात्र ती धर्मविचाराच्या केंद्रस्थानी आलेली दिसते. देणे-घेणे, तारण, व्याज व सूट या बाजारातल्या शब्दांनीच या परंपरेने पाप, क्षमा व तारण यांची मांडणी केली. ‘तारण’ हा मराठी शब्द गहाण आणि उद्धार असे दोन्ही अर्थ वागवतो, हा योगायोगही येथे सूचक ठरतो. ही परिभाषा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना तिचा आर्थिक अंश टिकतो की विरून जातो, हा तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे.

या विचाराची मुळे यहुदी धर्मशास्त्रात आहेत. ‘निर्गम’ ग्रंथाच्या 22व्या अध्यायात गरीब स्वकीयाकडून व्याज घेण्यास मनाई आहे. ‘अनुवाद’ ग्रंथाचा 15वा अध्याय दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्यास सांगतो, तर ‘लेवीय’ ग्रंथाच्या 25व्या अध्यायानुसार पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जाते. उदरनिर्वाहाचे साधन असलेले जाते गहाण घेऊ नये, असाही दंडक आहे. परक्याकडून व्याज घेण्याची मुभा असल्याने हा नियम सार्वत्रिक नसून समाजांतर्गत बंधुभावावर आधारलेला आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. ‘नीतिसूत्रे’ ऋणकोला धनकोचा दास म्हणतात. 37वे स्तोत्र घेतलेले परत न करणाऱ्याला दुर्जनांत गणते. म्हणजे कर्ज काढणे हे पाप मानलेले नाही. ती पराधीनतेची अवस्था आहे आणि तिचा गैरफायदा घेणे हा धनकोचा अपराध आहे.

येशूच्या बोलीभाषेत, म्हणजे अरामीमध्ये, ‘होबा’ या एकाच शब्दाने कर्ज आणि पाप या दोहोंचा बोध होई. ग्रीकमध्ये ही एकता दुभंगते. प्रभूच्या प्रार्थनेत मत्तय (6:12) कर्जवाचक ‘ओफेइलेमा’ हा शब्द वापरतो. लूक (11:4) त्या जागी पापवाचक ‘हामार्तिया’ योजतो. तथापि त्याच वाक्याच्या उत्तरार्धात त्याच्याकडेही ‘देणे लागणारा’ माणूस शिल्लक राहतोच. लॅटिन बायबलने हा भेद जपला. इंग्रजीत 1611च्या अधिकृत भाषांतरातील मत्तयाने ‘कर्ज’ राखले, तर 1549च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने ‘अतिक्रमण’ या अर्थाचा शब्द रूढ केला. परिणामी इंग्रजीभाषक चर्चमध्ये एकच प्रार्थना भिन्न शब्दांनी म्हटली जाते. जर्मनमधील ‘शुल्ड’ या शब्दात अपराध व देणे हे दोन्ही अर्थ नांदतात. याच द्व्यर्थाच्या आधारे नीत्शेने 1887मध्ये नीतीच्या उगमाची चिकित्सा केली.

कर्जाच्या रूपकाची सर्वांत समर्थ मांडणी मत्तयाच्या 18व्या अध्यायातील निर्दय दासाच्या दाखल्यात आढळते. दास राजाचे 10,000 टॅलेंट देणे लागतो; त्याचा सोबती त्याचे 100 दिनार देणे लागतो. एक टॅलेंट म्हणजे सुमारे 6,000 दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हा हिशेब धरल्यास दोन्ही रकमांचे प्रमाण 6,00,000 : 1 असे पडते. पहिली रक्कम फेडणे कोणाही दासाला अशक्य आहे आणि दाखल्याचा आशय या अशक्यतेतच आहे. ज्याला अशक्य कर्ज सोडले गेले, त्याने शक्य कर्जासाठी सोबत्याला तुरुंगात टाकावे, ही विसंगती कथेचा कणा आहे.

पुढील ख्रिस्ती विचारात या परंपरेचे दोन प्रवाह झाले. पहिला तत्त्वज्ञानाचा. अन्सेल्मने 1098च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात पाप म्हणजे ईश्वराचे देणे न देणे अशी व्याख्या करून ख्रिस्ताच्या मृत्यूला भरपाईचे रूप दिले. दुसरा व्यवहारनियमनाचा. 1179च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजबट्टा करणाऱ्यांना प्रभुभोजन व ख्रिस्ती दफन नाकारले. परंतु गरिबांची निकड निषेधाने भागत नव्हती; म्हणून फ्रान्सिस्कनांच्या प्रेरणेने पेरुजा येथे 1462मध्ये गहाणावर अल्प दराने कर्ज देणारी धर्मादाय पेढी निघाली. 1545मध्ये कॅल्व्हिनने मर्यादित व्याज सशर्त मान्य केले. शोषण आणि पतपुरवठा यांत भेद करण्याचा हा प्रयत्न होता.

मराठीत हा आशय येतो तेव्हा शब्दनिवडीला वेगळेच वजन प्राप्त होते. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरात मत्तयाच्या प्रार्थनेसाठी ‘ऋण’ हा संस्कृत शब्द आहे. अरबीतून आलेला, सावकाराच्या वहीतला ‘कर्ज’ हा शब्द तेथे नाही. ‘ऋण’ म्हणताच तैत्तिरीय संहितेतील जन्मसिद्ध ऋणत्रय, म्हणजे ऋषी, देव व पितर यांचे देणे, मराठी वाचकाच्या मनात जागे होते. ते ब्रह्मचर्य, यज्ञ व संतती यांनी फेडायचे असते. ऋण ‘फेडणे’, ‘उतराई होणे’ ही आपली सहज क्रियापदे आहेत. प्रार्थनेला अभिप्रेत असलेली क्रिया मात्र ‘सोडणे’ ही आहे. एका परंपरेत ऋणफेडीने मनुष्यत्व सिद्ध होते, तर दुसरीत ते फिटणारच नाही या कबुलीपासून आरंभ होतो. एकच शब्द वापरल्याने जवळीक साधते, पण हा विरोध झाकलाही जातो.

दस्तऐवज नाहीसा करण्याची प्रतिमा या संदर्भात तुलनेस योग्य आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (2:14) ‘खेइरोग्राफोन’, म्हणजे हातचिठ्ठी किंवा कर्जरोखा, खोडून क्रुसावर खिळल्याचे रूपक येते. तुकारामांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. मे 1875मध्ये सुपे येथे सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांकडील खते व रोखे हस्तगत करून जाळण्याकडे होता; त्यानंतर 1879चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तिन्ही ठिकाणी कागद नष्ट होतो, परंतु कर्ता निराळा आहे. पहिल्या दोहोंत धनको स्वतः हक्क सोडतो : एकदा ईश्वर, एकदा मनुष्य. तिसऱ्यात ऋणकोच तो हिरावून घेतो. क्षमा, त्याग व बंड असे तीन वेगळे अर्थ एकाच कृतीला लाभतात.

यावरून ‘ऋण’ केवळ आध्यात्मिक रूपक म्हणून वाचण्यातील उणीव स्पष्ट होते. अरामी श्रोत्याला पापाची क्षमा ऐकताना रोख्याची सूटही ऐकू येत होती. धनकोने सूट दिल्यावाचून त्याला स्वतःला क्षमा मागण्याचा अधिकार उरत नव्हता. 2000 व 2025 या ज्युबिली वर्षांच्या निमित्ताने गरीब राष्ट्रांच्या कर्जमुक्तीची जी मागणी पुढे आली, ती ‘लेवीय’ ग्रंथातील याच सूत्राला धरून होती. मराठी भाषांतराच्या अभ्यासात ‘ऋण’ या शब्दामागे ‘कर्ज’ पुन्हा वाचता आले, तरच या प्रार्थनेतील नैतिक अट पूर्णांशाने उलगडू शकेल.