शिवराम जानबा कांबळे : जातीय अस्मिता आणि नेतृत्वाचे संक्रमण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील दलित चळवळीचा इतिहास बहुधा महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर या दोन टोकांभोवती मांडला जातो. या दोन कालखंडांना जोडणारी मधली पिढी त्यामुळे काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे (जन्म १८७५) हे या पिढीचे अग्रणी होत. कांबळे यांनी आपली जातीय ओळख कशी घडविली आणि त्या ओळखीच्या आधारे उभे केलेले व्यासपीठ तरुण आंबेडकरांसाठी कसे खुले केले, याचा विचार प्रस्तुत लेखात शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात केला आहे.

भीमाकाठची पार्श्वभूमी

भीमा नदी शिरूर आणि दौंड या तालुक्यांना विभागते आणि जोडतेही. आजच्या दौंड तालुक्याचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकात भीमथडी तालुक्यात मोडत असे. या टापूतील महार समाज वतनदारीने गावाशी बांधलेला होता. वेसकर म्हणून राखण करणे, निरोप पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढणे, सरकारी कामगारांच्या दिमतीस राहणे ही कामे त्याच्याकडे असत आणि मोबदल्यात बलुते व थोडी इनाम जमीन मिळे. वतन हा हक्क मानला जात असला तरी प्रत्यक्षात ते अस्पृश्यतेला गावगाड्यात कायम करणारे बंधन होते.

या बंधनातून बाहेर पडण्याचे मार्ग मोजकेच होते. कंपनी सरकारची शिरूर (घोडनदी) येथील छावणी हा त्यांपैकी एक. पुढे लोहमार्ग आले आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड हे जंक्शन बनले. लष्कर व रेल्वे यांमुळे जातीने ठरविलेल्या कामाऐवजी रोख वेतनाची नोकरी मिळण्याची शक्यता निर्माण झाली. म्हणूनच १८९० च्या दशकाच्या प्रारंभी महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा तो केवळ पोटापाण्यावरचा आघात राहिला नाही. प्रतिष्ठेचे एकमेव द्वारच बंद झाले.

'अनार्य', 'सोमवंशीय' आणि 'बहिष्कृत'

भरतीबंदीविरुद्ध पहिला आवाज उठविणारे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त हवालदार आणि फुले यांच्या विचारांचे अनुयायी होते. त्यांच्या संस्थेचे नाव 'अनार्य दोष परिहारक मंडळी' असे होते. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या कार्याचा धागा पुण्यात कांबळे यांनी पुढे नेला.

कांबळे हे पुण्यातील मॅसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी करीत. १९०३ मध्ये त्यांनी सासवड येथे ५१ गावांतील महारांची सभा भरविली आणि लष्कर, पोलीस व सरकारी नोकऱ्या खुल्या कराव्यात यासाठी सरकारकडे अर्ज केला. १९०४ मध्ये 'श्री शंकर प्रासादिक सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज' ही संस्था, तर १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक त्यांनी सुरू केले. १९१० मध्ये दक्षिणेतील महारांच्या वतीने भारतमंत्री लॉर्ड क्रू यांना निवेदन पाठविण्यात आले, त्यामागेही त्यांचाच पुढाकार होता.

'सोमवंशीय' ही निवड सूचक आहे. महारांतील एका प्रमुख पोटजातीचे हे नाव असून सोमवंश म्हणजे पुराणांतील चंद्रवंश. वलंगकरांच्या 'अनार्य' या शब्दात आर्यपूर्व मूलनिवासाचा दावा होता, तर कांबळे यांच्या 'सोमवंशीय' या शब्दात कुलीनतेचा. आंबेडकरांनी १९२४ मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली, तेव्हा वंशाचा दावा मागे पडला व प्रत्यक्ष सामाजिक स्थितीच नाव म्हणून पुढे आली. तीन पिढ्यांतील तीन नावांमधून अस्मितेचा प्रवास स्पष्ट होतो.

कांबळे यांचा जातीचा अभिमान आंधळा मात्र नव्हता. जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहून त्यांना मुरळी करण्याच्या प्रथेवर त्यांनी आपल्या मासिकातून कठोर टीका केली आणि मुरळींच्या विवाहास प्रोत्साहन दिले. प्रतिष्ठेची मागणी सरकारकडे करावयाची तर आत्मपरीक्षणही केले पाहिजे, अशी ही भूमिका होती.

कोरेगाव : व्यासपीठाचे हस्तांतर

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनच्या नेतृत्वाखाली कंपनीची तुकडी शिरूरहून निघाली आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी तिची लढाई झाली. तुकडीत महारांबरोबर इतर जातिधर्मांचे सैनिकही होते. भीमेच्या काठी उभारलेल्या स्तंभावरील मृतांच्या नावांपैकी २२ नावे 'नाक' या प्रत्ययामुळे महार सैनिकांची म्हणून ओळखली जातात. कंपनीच्या दृष्टीने हा स्तंभ आपल्या विजयाचे स्मारक होता. ज्यांच्यासाठी भरतीचे दार बंद झाले होते, त्यांनी मात्र त्यास आपल्या सेवेचा दगडी पुरावा मानले.

कांबळे यांनी या पुराव्याचे सार्वजनिक स्मृतीत रूपांतर केले. १ जानेवारी १९२७ रोजी स्तंभाजवळ भरलेल्या सभेस आंबेडकर उपस्थित राहिले. कांबळे तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, तर आंबेडकर पस्तीस वर्षांचे होते. शिक्षण, पदव्या आणि कायद्याचे ज्ञान तरुणाकडे, तर गावोगावचा संपर्क आणि दोन दशकांचा संघटनानुभव ज्येष्ठाकडे होता. हे नाते रूढ अर्थाने गुरुशिष्याचे म्हणता येणार नाही. ज्येष्ठाने जमीन नांगरून ठेवावी आणि तिच्यात काय पेरावयाचे हे धाकट्यावर सोपवावे, अशा स्वरूपाचे ते मार्गदर्शन होते. अवघ्या अडीच महिन्यांत, मार्च १९२७ मध्ये, महाडचा सत्याग्रह घडला.

धाकट्याने वारसा जसाच्या तसा स्वीकारला नाही. १९१० च्या निवेदनाचा सूर ब्रिटिशांच्या न्यायबुद्धीवर विश्वास ठेवणारा होता. १९३० च्या गोलमेज परिषदेत आंबेडकरांनी तोच लष्करभरतीचा प्रश्न उपस्थित केला, पण ब्रिटिश राजवटीने अस्पृश्यांसाठी काय केले याचा जाब विचारण्यासाठी. अर्जाचे आरोपपत्र झाले.

कांबळेही काळाबरोबर बदलले. ऑक्टोबर १९२९ मध्ये पुण्यात पर्वती मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच्या नेतृत्वात त्यांच्याबरोबर चर्मकार समाजातील तरुण पां. ना. राजभोज होते. 'सोमवंशीय' या मर्यादेत सुरू झालेले कार्य येथे जातीची सीमा ओलांडून गेले. आंबेडकरांनीही या सत्याग्रहास पाठिंबा दिला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, जातीय अस्मिता ही कांबळे यांच्यासाठी अंतिम ध्येय नव्हती. विखुरलेल्या, वतनाने जखडलेल्या समाजास एकत्र बोलते करण्याचे ते उपलब्ध साधन होते. दुसरी, नेतृत्वाच्या संक्रमणात ज्येष्ठाचे मोठेपण अनुयायी किती मिळविले यावरून ठरत नाही. आपल्याहून वेगळा विचार करणाऱ्या धाकट्यास त्याने जागा दिली की नाही, यावरून ते ठरते. दरवर्षी १ जानेवारीस कोरेगावच्या स्तंभापाशी लाखोंचा समुदाय जमतो, तो प्रामुख्याने आंबेडकरांच्या १९२७ च्या भेटीचे स्मरण करीत. त्या भेटीपूर्वीची पंचवीस वर्षांची मशागत अध्यापनात व संशोधनात योग्य स्थान मिळण्याची वाट पाहत आहे.