लेफ्सेच्या रस्त्यावर

मिनेसोटाच्या आग्नेय कोपऱ्यात रशफर्डहून निघावं, स्प्रिंग ग्रोव्ह ओलांडून आयोवात शिरावं, डेकोरा बघावं आणि क्रेस्कोला थांबावं. हा प्रवास एका दिवसात सहज होतो. शेवटच्या हिमयुगातल्या बर्फाने हा टापू वगळला, म्हणून आजूबाजूच्या सपाट मुलखात इथे मात्र टेकड्या आणि खोल दऱ्या शाबूत राहिल्या. या दऱ्यांत १८५० च्या सुमारास नॉर्वेजियन शेतकरी येऊन वसले. त्यांचे आजचे वंशज मूळ घराणं शोधायला इथे येतात, तेव्हा चर्चच्या नोंदवह्यांइतकाच त्यांचा भरवसा लेफ्सेवर असतो.

लेफ्से म्हणजे बटाट्याची मऊ, पातळ पोळी. नॉर्वेत बटाटा रुजला अठराव्या शतकात, आणि तो लावा म्हणून लोकांच्या मागे लागण्यात तिथले पाद्रीही होते. त्याआधी धान्याच्या कोरड्या, महिनोन्महिने टिकणाऱ्या भाकऱ्या असत. त्या भाजून देणाऱ्या बायका शेतावरून शेतावर फिरत आणि एकेका घरी मुक्काम करून कोठार भरून देत. १८२५ साली स्टाव्हांगरहून स्थलांतरितांचं पहिलं जहाज अमेरिकेला निघालं. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे ८ लाख माणसं देश सोडून गेली, आणि लाटण्या-भाजण्याचं कसब त्यांच्यासोबत गेलं.

हे कसब बघण्यासारखं आहे. बटाटे उकडून गरम असतानाच बारीक भोकांतून दाबून काढतात, एकही गुठळी राहू देत नाहीत. लोणी, साय, मीठ घालून गोळा रात्रभर गार करतात. मैदा घालायचा तो अगदी लाटायच्या वेळी, कारण आधी घातला तर बटाट्याला पाणी सुटून गोळा चिकट होतो. बटाट्याला स्वतःचा चिवटपणा नाही, त्यामुळे तांदळाच्या उकडीसारखीच ही पोळी हाताळताना फाटते. सगळी अवजारं या एका अडचणीतून जन्मली आहेत. पोळपाटावर कापड ताणून बसवतात, लाटण्यावर कापडी मोजा चढवतात. लाटण्याला खाचा असतात, त्यामुळे पोळीत हवा कोंडून फुगे येत नाहीत. लाटून झाली की लांब, चपटी, पातळ काठी पोळीखाली मधोमध सरकवायची, पोळी अलगद उचलायची आणि तव्यावर उलगडायची. तवा कोरडाच, सुमारे २६० अंश सेल्सिअस तापलेला. तपकिरी ठिपके उमटले की काढून फडक्यात रचतात. तिथेच वाफेने ती मऊ पडते.

काठी आडवी येऊ नये म्हणून या तव्याला कड नसते. क्रेस्कोच्या बेथनी हाउसवेअर्सचा १६ इंची विजेचा तवा या भागात घरोघरी दिसतो. माझ्या मते इथल्या लेफ्सेला त्याने जितकं तारलं, तितकं कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकाने तारलं नाही. चुलीचा जाळ सांभाळण्याची विद्या विसरली तरी सणाला पोळ्या होत राहिल्या. रशफर्डमध्ये तर नॉर्सलँड हा लेफ्सेचा कारखानाच आहे.

डेकोऱ्यातलं वेस्टरहाइम हे नॉर्वेजियन-अमेरिकन संग्रहालय १८७७ पासूनचं. तिथे स्थलांतरितांच्या फुलापानांनी रंगवलेल्या पेट्या आहेत. स्थलांतरित आजीची खरी ओळख मात्र मला अशा पेटीपेक्षा तिच्या लाटण्यात जास्त सापडते असं वाटतं. नॉर्वेत दरी बदलली की लेफ्से बदलते. हार्डांगरची लेफ्से बटाट्याविना, कडक वाळवून ठेवलेली. खाताना पाण्याचा हात लावून मऊ करायची. उत्तरेकडची जाड. अमेरिकेत चर्चच्या सामाईक स्वयंपाकघरांत बटाट्याचीच लेफ्से वरचढ ठरली, बाकीच्या मागे पडल्या. म्हणून एखाद्या घरात अजून वाळवलेली लेफ्से होत असेल, तर त्या कुटुंबाने आपलं गाव हार्डांगरच्या बाजूला आधी शोधावं.

या रस्त्याला शरद ऋतूत जावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथल्या ल्यूथरन चर्चमध्ये लुटेफिस्कची जेवणं होतात. सुकवलेला कॉड पाण्यात, मग क्षारात, मग पुन्हा पाण्यात भिजवून थलथलीत केलेला हा मासा वासामुळे अनेकांना जात नाही. त्याच्या शेजारी वाढलेली लोणी-साखरेची लेफ्से मात्र पहिल्यांदा येणारालाही आवडते.