लिलावांतील घर घ्यावें काय?

दारव्हा तालुक्यांतील एका सभासदांनीं आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या शेजाऱ्याचें राहतें घर थकलेल्या कर्जापायीं बँक लिलावास काढणार आहे. थोरला मुलगा वेगळा होत असल्यामुळें सभासदांस घराची गरज आहे व किंमतही आवांक्यांतली दिसते. परंतु ज्या ओसरीवर वीस वर्षें बसून सुपारी कातरली, त्याच ओसरीचें मालक होण्यास त्यांचें मन धजत नाहीं. "घ्यावें कीं न घ्यावें?" असें ते विचारतात. हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हे, म्हणून त्याचा विचार येथें करीत आहों.

कर्ज म्हणजे काय हें आपल्या जिल्ह्यास सांगावयास नको. जुलै २००६ मध्यें पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनीं विदर्भांतील कर्जानें गांजलेल्या सहा जिल्ह्यांसाठीं साहाय्य जाहीर केलें, त्यांत यवतमाळ होता. अशा जिल्ह्यांत जप्तीचें घर म्हणजे नुसत्या भिंती व टिनाचें छप्पर नव्हे. त्यांत एका कुटुंबाची अब्रू असते. म्हणून 'कायद्यानें मिळालें, घेतलें' एवढ्यानें भागत नाहीं. उलट, 'तळतळाट लागेल' म्हणून दूर राहिलें कीं आपण सुटलों, असेंही नाहीं. चांगला माणूस दूर राहिला म्हणून लिलाव थांबत नाहीं. फक्त बोली लावणारे कमी होतात.

बोली कमी झाल्यानें काय होतें, हें इतिहास सांगतो. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला व गांवोगांव कर्जखतें जाळण्यांत आलीं. त्या असंतोषाचें एक कारण असें कीं, कोर्टाच्या विक्रींत पुष्कळदां सावकारच एकटा बोली लावी; जमीन कवडीमोलानें जाई आणि कर्ज मात्र शिल्लक राही. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं संरक्षणाचा कायदा झाला. याच्या उलट, अमेरिकेंत १९३० नंतरच्या मंदींत आयोवा, नेब्रास्का या प्रांतांतील शेतकरी शेजाऱ्याच्या लिलावास जमत, परक्यास बोलूं देत नसत, गुरें-अवजारें कांहीं सेंटांत घेत व मूळ मालकास परत करीत. दोन्हीं ठिकाणीं बोली हलकीच होती; परंतु एके ठिकाणीं तिचा लाभ सावकारास झाला, दुसरीकडे कर्जदारास. म्हणून लिलावाचा न्याय-अन्याय पाहतांना पहिला प्रश्न हा कीं, दाबलेल्या किमतीचा फायदा कोणाच्या पदरांत पडतो?

आजच्या कायद्याप्रमाणें बँकेनें गहाण मिळकत विकल्यावर कर्ज, व्याज व खर्च वजा जातां उरेल ती रक्कम कर्जदारास मिळावयाची असते. तूट आल्यास त्याच्यामागें तगादा राहतोच. तेव्हां योग्य किमतीकडे जाणारा प्रत्येक जादा रुपया शेजाऱ्याच्याच कामीं येतो. चार जणांनीं संगनमत करून बोली दाबणें व मागाहून आपसांत नफा वांटून घेणें, हें आमच्या मतें खरें पाप. उघड्या लिलावांत पुरती किंमत देणारा मनुष्य पापी नव्हे.

परंतु याहून चांगला मार्ग लिलावापूर्वींच असतो. २००२ च्या वसुली कायद्याप्रमाणें बँक प्रथम साठ दिवसांची नोटीस देते, मग ताबा घेते, मग विक्रीची नोटीस प्रसिद्ध करते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर, संपूर्ण देणें भरून घर सोडविण्याचा हक्क ही विक्रीची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. सर्वोच्च न्यायालयानेंही २०२३ सालीं तसाच निर्णय दिला आहे. म्हणून ती नोटीस निघाली नसेल तर प्रथम शेजाऱ्याकडे जावें. त्याची घर विकण्याची इच्छा असल्यास, बँकेची लेखी संमति घेऊन बाजारभावानें त्याच्याकडूनच खरेदी करावी. कर्जाची रक्कम परस्पर बँकेंत भरावी व बाकी त्याच्या हातीं द्यावी. यांत त्याची अब्रू राहते आणि घेणाराचा मार्गही निर्वेध होतो.

लिलावांतच घ्यावयाचें झाल्यास पुढील गोष्टी पाहाव्या.

पहिली, विकणारा कोण व कोणत्या कायद्यानें विकतो. सहकारी बँकांसही २००२ चा कायदा लागू आहे, हें मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें २०२० सालीं ठरविलें. पतसंस्था बहुधा १९६० च्या सहकार कायद्याखालीं वसुली करतात. २००२ च्या कायद्यानें शेतजमीन विकतां येत नाहीं. सबब घराखालची जागा गांवठाणांतील किंवा अकृषिक आहे कीं नाहीं, हें तपासावें. मूळ खातेदार आदिवासी असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून ती जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊं शकत नाहीं, हेंही विसरूं नये.

दुसरी, पैशाची तयारी. बँकेच्या लिलावांत पंचवीस टक्के रक्कम त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशीं, व उरलेली विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत भरावी लागते. ही मुदत संमतीनें वाढली तरी तीन महिन्यांपलीकडे जात नाहीं. चुकल्यास भरलेली रक्कम जप्त होऊं शकते. सहकारी संस्थेच्या लिलावांत पंधरा टक्के लागलीच व बाकी पंधरा दिवसांत भरावयाची असते. तेथें कर्जदारानें तीस दिवसांत देणें व खरेदीदारासाठीं खरेदी-रकमेवर पांच टक्के भरल्यास विक्री रद्द होते. तशी ती झाली तर वाईट मानूं नये. शेजारी वांचला असें समजावें.

तिसरी, ताबा. 'कागदोपत्रीं ताबा' असें नोटिशींत असल्यास कुटुंब अजून घरांतच आहे असें समजावें. प्रत्यक्ष ताबा जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत बँकेनें मिळवून द्यावा. गुंड पाठविणें हें गुन्ह्याचें काम. गहाणापूर्वींचा खरा भाडेकरू असल्यास त्याचा हक्क राहतो. कर्जदारास वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागण्यास पंचेचाळीस दिवस असतात. तसा अर्ज प्रलंबित आहे काय, हें विचारून घ्यावें.

चौथी, मागील देणीं. 'जसें आहे, जेथें आहे' या शब्दांचा अर्थ घरपट्टी, पाणीपट्टी व वीजबिल घेणाराच्या माथीं येऊं शकतें असा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा नगर भूमापनाची मिळकतपत्रिका पाहावी, दुय्यम निबंधकाकडे बोजाचा शोध घ्यावा, व वकिलास दाखवावें.

एका प्रकारच्या घरास मात्र हातच लावूं नये : सावकारानें कर्जापोटीं लिहून घेतलेलें. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणें पंधरा वर्षांच्या आंत असा व्यवहार झालेला असल्यास जिल्हा उपनिबंधक चौकशीअंतीं मिळकत कर्जदारास परत देववूं शकतात. शेतकऱ्याच्या राहत्या घरास साध्या पैशाच्या हुकूमनाम्याखालीं जप्तीपासून दिवाणी कायद्याचें संरक्षण आहे. गहाण टाकलेल्या घरास तें नाहीं. म्हणून दुकानाच्या किंवा विहिरीच्या कर्जास राहतें घर गहाण देतांना सर्वच सभासदांनीं दहा वेळां विचार करावा.

आमच्या सभासदांस आमचें उत्तर असें : आधीं शेजाऱ्यास भेटा. घर सोडविणें शक्य असेल तर त्यास मदत करा. नसेल तर त्याच्याकडून पुरत्या किमतीस घ्या. लिलावच झाला तर उघड बोली लावा, किंमत दाबूं नका. ताबा मिळाल्यावर कापूस घरीं येईपर्यंत किंवा मुलांच्या परीक्षा होईपर्यंत त्यास माफक भाड्यानें राहूं द्या, व तसा लेखी करार करा. त्याच्या देवघरांतील देव त्याच्या हातानें उचलूं द्या. एवढें केल्यावर त्या ओसरीवर बसतांना मान खालीं घालण्याचें कारण राहणार नाहीं. आणि एखादे दिवशीं तो शेजारीही तेथें सुपारी कातरावयास येईल.