दारापर्यंत गेलेली माता

घरात कोणी कष्टी दिसले की आपण उपदेश घेऊन धावतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) ह्यांची रीत निराळी होती, ती वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

तरुणपणी धर्मशिक्षण अर्धे सोडून ते मानसशास्त्राकडे वळले आणि १९२८ पासून बारा वर्षे रॉचेस्टर शहरी मुलांच्या अडचणी हाताळीत राहिले. तेथे एका दांडगट मुलाची आई त्यांजकडे येई. लहानपणी तिने मुलाला झिडकारले हेच सर्वाचे मूळ, असे रॉजर्सनी तिला परोपरीने समजाविले. व्यर्थ! शेवटी हा प्रयत्न थांबवावयाचे उभयतांनी ठरविले. निरोप घेऊन ती दारापर्यंत गेली, मागे वळली आणि विचारती झाली, येथे मोठ्या माणसांनाही सल्ला मिळतो काय? मग ती पुन्हा बसली व आपल्या संसाराची, पतीशी दुरावलेल्या नात्याची कहाणी सांगू लागली. रॉजर्स ऐकत राहिले. कालांतराने मुलगाही सुधारला.

दुखते कोठे हे दुखणाइतालाच ठाऊक, ही खूणगाठ त्यांनी तेव्हा बांधली. पुढे 'रुग्ण' हा शब्दच त्यांनी टाकला. समोरच्याचा निवाडा करावयाचा नाही, त्याच्या जागी उभे राहून पाहावयाचे आणि स्वतः मुखवटा घालावयाचा नाही. बदल घडण्यास एवढे पुरे, असा त्यांचा १९५७ च्या निबंधातील आशय. 'पुरे' हे आम्हांस सर्वस्वी पटत नाही. काही विकारांना औषध लागतेच. पुढे मात्र त्यांच्या ऐकण्याची कित्येकांनी पोपटपंची केली, आणि ती पाहून रॉजर्स व्यथित होत.