लाख किलोमीटर नळी आणि पाण्याची पाळी

कवठे महांकाळच्या एका द्राक्षबागायतदाराने विचारले आहे : ‘माणसाच्या रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर एक लाख किलोमीटर भरतात, पृथ्वीला अडीच वेढे बसतात, असं पोरगं सांगतंय. माझ्या चार एकर बागेत ड्रिपची नळी सहा किलोमीटर लागली, तिची पावती माझ्याकडे आहे. ही लाख किलोमीटर मोजली कुणी?’

फक्कड प्रश्न! उत्तर असे, की मोजली कुणीच नाही. गुणाकार केला. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग स्नायूंचे काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून केशवाहिन्या, म्हणजे सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्या, मोजत. या कामासाठी त्यांना १९२०चे नोबेल मिळाले. एका चौरस मिलिमीटरमध्ये दोन हजार केशवाहिन्या आणि अंगावर पन्नास किलो स्नायू, असे धरून त्यांनी १९२२ साली हिशेब मांडला. गुणून बघा, बरोबर एक लाख किलोमीटर येतात. पण पन्नास किलो निव्वळ स्नायूंचा गडी कुंडलच्या कुस्ती मैदानात सापडला तर सापडायचा. तुमच्या-माझ्या अंगावर तीस किलोच्या आतबाहेर असतात आणि केशवाहिन्याही इतक्या दाट नसतात. अलीकडच्या फेरमोजणीत आकडा नऊ ते एकोणीस हजार किलोमीटरवर आला. म्हणजे पृथ्वीला अर्धा वेढाही नाही. क्रोग यांनी ‘समजा’ म्हणून मांडलेला हिशेब पुढच्यांनी ‘समजा’ गाळून शंभर वर्षे छापला, यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष?

खरी गंमत लांबीत नाहीच, वाटपात आहे. आणि ती समजायला म्हैसाळच्या पाण्यावर पोसलेला शेतकरी डॉक्टरपेक्षा जवळचा.

कृष्णेचे पाणी म्हैसाळला उचलतात, टप्प्याटप्प्याने चढवतात, ते कालव्याने कवठे महांकाळात आणि पुढे जतकडे जाते. सगळी गेटे एकदम उघडली तर टेलला थेंब पोहोचायचा नाही, म्हणून आवर्तन. शरीराचीही हीच अडचण. रक्त जेमतेम पाच लिटर. हृदय मिनिटाला तेवढेच ढकलते, दिवसाकाठी सात हजार लिटर. सगळ्या वाहिन्या एकाच वेळी सैलावल्या तर रक्तदाब कोसळेल आणि माणूस जागीच आडवा होईल. म्हणून पाळी लावलेली. बसल्या जागी स्नायूंना साधारण पाचवा हिस्सा; जीव घेऊन पळताना पाचांतले चार हिस्से स्नायूंना आणि पोटाची पाळी बरीच कापलेली. मेंदूचा कोटा मात्र पिण्याच्या पाण्यासारखा राखीव.

पाटकरी कोण? धमनीच्या शेवटच्या बारीक फांद्या, धमनिका. त्यांच्याभोवती स्नायूंचे कडे असते. (क्रोग यांना केशवाहिन्याच उघडझाप करतात असे वाटे; चावी त्यांच्या अलीकडे आहे, हे पुढे ठरले.) हे कडे किती आवळावे लागते? इथे पॅरिसचे डॉक्टर प्वाझय मदतीला येतात. रक्ताचे कोडे सोडवायला त्यांनी काचेच्या केसाएवढ्या नळ्यांतून पाणी सोडून पाहिले. नळीची रुंदी निम्मी केली की पाणी निम्मे होत नाही, पाव होत नाही. दाब तोच ठेवला तर सोळावा हिस्सा उरतो. कडे जरासे आवळले की गेट जवळजवळ बंद.

ड्रिपचा दाखला इथवर चालतो. पण ड्रिपचे पाणी मुळाशी मुरले की संपले. रक्ताला परत यायचे असते. ते परत येते हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये सिद्ध केले. तुम्हीही पाहू शकता. हात खाली सोडा, मनगटाकडून वर गेलेली एखादी फुगलेली शीर निवडा. मनगटाजवळ तिच्यावर एक बोट दाबून ठेवा, दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे, शिरेवर दिसणाऱ्या पुढच्या गाठीपलीकडे सारा. गाठीपर्यंतची शीर सपाट होते आणि वरून परत भरत नाही. ती गाठ म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह! धमनीतून निघालेले रक्त शिरेत कुठून शिरते, तो दुवा मात्र हार्वे यांना कधीच दिसला नाही. १६५७ मध्ये ते गेले. चार वर्षांनी इटलीच्या माल्पिगी यांना बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या दिसल्या.

तिथे रक्त अगदी सावकाश चालते. नळी चिमटली की पाण्याला जोर येतो, मग इतक्या बारीक वाहिनीत वेग कमी का? कारण वाहिनी एक नाही, अब्जावधी आहेत. सगळ्यांची तोंडे मिळून मूळ धमनीच्या तोंडाच्या शेकडो पट मोठी, त्यामुळे पाटाचे पाणी वाफ्यांत पसरावे तसे रक्त मंदावते. तांबडी पेशी अंग चेपून एकेरी रांगेत सरकते, प्राणवायू उतरवते, पुढे जाते.

हे टेलचे पाणी बघायचे असेल तर बोटाचे नख दाबा, पांढरे पडेल. सोडा. दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवे. अपघातातला माणूस आणला की डॉक्टरही हेच करतात. शेवटच्या ओळीत ड्रिपर टपकतोय का, ते वाकून बघणाऱ्या शेतकऱ्यासारखे.