बल्बच्या खोक्यावरची भट्टी

परवा सुपेल्याच्या बाजारातून मी दोन एलईडी बल्ब आणले. दोन्ही नऊ वॉटचेच, पण एकाच्या खोक्यावर '२७०० के' लिहिलेलं आणि दुसऱ्याच्या '६५०० के'. भाचीने लगेच विचारलं, "मावशी, हा आकडा कसला गं?"

तापमानाचा! आणि तो समजून घ्यायला आपल्या भिलाईइतकं चांगलं गाव शोधून सापडणार नाही.

इथली पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. माझे आजोबा तिथे कामाला होते. डोळ्यांसमोर निळी काच धरून ते भट्टीत डोकावायचे आणि नुसत्या रंगावरून ताप ओळखायचे. लोखंड पाचशे अंश सेल्सिअसच्या जरा पुढे गेलं की अंधारात मंद लाल दिसू लागतं. मग नारिंगी, मग पिवळं, मग पिवळसर पांढरं. आणि हे फक्त लोखंडाचं नाही बरं का! भट्टीची वीटसुद्धा तेवढ्याच तापाला तशीच लाल होते. चिनी मातीची भांडी करणाऱ्या घराण्यातल्या टॉमस वेजवुडने १७९२ सालीच हे लिहून ठेवलंय.

आता खोक्याकडे वळू. 'के' म्हणजे केल्विन. त्यातून २७३ वजा करा की सेल्सिअस मिळतं. म्हणजे २७०० के झाले २४२७ अंश. लोखंड तर १५३८ अंशांनाच वितळतं! जुन्या बल्बमधली तार खरोखर एवढी तापायची, म्हणून ती टंग्स्टनची असायची. एलईडी मात्र एवढा तापत नाही. त्यात निळा उजेड देणारा इवलासा तुकडा असतो आणि त्यावर पिवळा लेप. लेपाचं मिश्रण बदललं की उजेडाचा रंग बदलतो. खोक्यावरचा आकडा एवढंच सांगतो, की असा रंग दिसायला एखादी वस्तू किती तापवावी लागली असती. गंमत बघा, जास्त तापाच्या रंगाला दुकानात 'कूल' म्हणतात आणि कमी तापाच्या रंगाला 'वॉर्म'!

मग कुठला बल्ब कुठे लावायचा? आम्ही शाळेचे मोजे काढले, एक काळा आणि एक गडद निळा. २७०० केच्या पिवळ्या बल्बखाली दोन्ही जवळजवळ सारखेच दिसले, कारण त्या उजेडात निळा भाग फार थोडा. ६५०० केच्या पांढऱ्याखाली फरक चटकन कळला. तुम्हीही करून बघा. म्हणून कपाटाजवळ आणि ओट्यावर आम्ही पांढरा लावला. भाचीच्या अभ्यासाच्या टेबलावरही पांढराच, पण डाव्या बाजूला. ती उजव्या हाताने लिहिते ना, दिवा उजवीकडे ठेवला तर हाताची सावली नेमकी अक्षरावर पडते.

झोपायच्या खोलीत पिवळाच हवा, यावर मी अडून बसले. डोळ्यातल्या काही पेशी निळा उजेड दिसला की मेंदूला 'अजून दिवस आहे' असं कळवतात, आणि झोप लांबणीवर पडते.

राहिलं देवघर. तिथे समई आहे, साधारण १९०० केची. तिचा पिवळा रंग कुठून येतो माहीत आहे? मी ज्योतीत क्षणभर स्टीलचा चमचा धरला. (हे मोठ्यांनाच करायला सांगा हं!) चमच्यावर काजळीचा काळा ठिपका उमटला. काजळीचे हेच बारीक कण ज्योतीत तापून उजळतात, आजोबांच्या भट्टीतल्या लोखंडासारखे. भाची किती तरी वेळ तो ठिपका बोटावर घेऊन बघत बसली होती.