माकडहाडावरची जखम आणि रक्तपट्टिकांचा उपचार

वसतिशाळेच्या स्मरणिकेत शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे कारण साधे आहे. ज्या आजाराविषयी आम्ही लिहीत आहोत, तो प्रामुख्याने पौगंडावस्थेपासून तिशीपर्यंतच्या वयात होतो, मुलींपेक्षा मुलांना अधिक होतो. आणि तो अशा जागी होतो की मुले त्याविषयी ना अधीक्षकांना सांगतात, ना आईवडिलांना. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी आणि नुकतेच शाळेबाहेर पडलेले माजी विद्यार्थी नेमके याच वयाचे आहेत.

या आजाराचे नाव पायलोनायडल सायनस. माकडहाडाजवळ, दोन्ही नितंबांमधील खाचेत गळून पडलेले केस साचतात. बसण्याउठण्याच्या घर्षणाने त्यांची टोके त्वचेत शिरतात. शरीर त्या केसांना परके मानून त्यांच्याशी झुंजते. पू होतो आणि त्वचेखाली नळीसारखा मार्ग तयार होतो. 1880 साली अमेरिकी शल्यचिकित्सक हॉजेस यांनी ‘केस’ आणि ‘घरटे’ या अर्थांचे दोन लॅटिन शब्द जोडून हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात खडबडीत रस्त्यांवरून जीप हाकणाऱ्या सैनिकांमध्ये हा विकार इतका आढळला की त्याला ‘जीपचा आजार’ म्हटले जाऊ लागले. कुर्ला स्थानकाबाहेर दिवसभर रिक्षा चालवणारा किंवा मोटारसायकलवरून घरोघरी सामान पोहोचवणारा आपला माजी विद्यार्थी त्या सैनिकांपेक्षा फारसा वेगळ्या स्थितीत नसतो.

घरी बहुधा ‘केसतूड झाले’ म्हणून दुर्लक्ष होते, नाहीतर ‘भगंदर’ समजून घबराट होते. भगंदराचा मार्ग गुदद्वाराच्या आत उघडतो. या आजाराचा तसा संबंध नसतो. सुश्रुतसंहितेत शरीरात राहिलेल्या शल्यामुळे होणारा ‘शल्यज नाडीव्रण’ वर्णिलेला आहे आणि आयुर्वेदाचे अभ्यासक या विकाराची तुलना त्याच्याशी करतात.

गळू झाले असेल तर प्रथम चीर देऊन पू काढतात. आजार पुन्हापुन्हा उद्भवला तर केसांसह तो संपूर्ण मार्ग कापून काढावा लागतो. त्यानंतर दोन पर्याय असतात. शेजारची त्वचा सरकवून जखम टाके घालून बंद करता येते. ती लवकर भरते, परंतु तिच्यात पू झाल्यास टाके उसवतात. दुसऱ्या पर्यायात जखम उघडी ठेवली जाते आणि ती तळापासून हळूहळू भरत वर येते. यास कित्येक आठवडे, कधी काही महिनेही लागतात. एवढा काळ रोज मलमपट्टी, बसण्याची अडचण आणि बुडणारी शाळा किंवा रोजगार, असा हा प्रश्न आहे. येथेच पीआरपी, म्हणजे रक्तपट्टिकांनी समृद्ध केलेल्या रक्तद्रवाचा उपचार पुढे येतो.

रक्तपट्टिका म्हणजे प्लेटलेट. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की मुंबईच्या घराघरांत हा शब्द ऐकू येतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलीटर रक्तात त्या साधारण दीड ते चार लाख असतात. रक्त गोठवणे हे त्यांचे काम आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. दुसरे काम मात्र तितकेसे माहीत नसते. जखमेच्या जागी पोहोचल्यावर त्या आपल्या पोटातील सूक्ष्म कणांमधून वाढीला चालना देणारी प्रथिने बाहेर सोडतात. ही प्रथिने दुरुस्ती करणाऱ्या पेशींना बोलावतात, नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करतात आणि जखमेच्या तळाशी लालसर मांसांकुर उगवू लागतात.

पीआरपीमध्ये रुग्णाचेच थोडे रक्त घेऊन, ते गोठू नये असे द्रव्य त्यात मिसळून, यंत्रात वेगाने फिरवतात. ताक घुसळल्यावर लोणी जसे वेगळे होते, तसे येथे जड तांबड्या पेशी तळाशी जातात आणि पिवळसर रक्तद्रव वर राहतो. त्यातील रक्तपट्टिकांनी दाट झालेला भाग वेगळा काढतात. त्यात त्यांचे प्रमाण मूळ रक्ताच्या काही पट असते. हा द्रव जखमेच्या कडांत टोचतात, किंवा कॅल्शियमच्या क्षाराने त्याचा लगदा करून जखमेत भरतात. रक्त स्वतःचेच असल्याने परक्या रक्तातून येणाऱ्या रोगांची किंवा प्रतिक्रियेची भीती राहत नाही.

याचा उपयोग किती? ग्रीस, इराण आणि इजिप्त येथील शल्यचिकित्सकांनी उघड्या जखमांवर केलेल्या चाचण्यांत पीआरपी मिळालेल्या रुग्णांच्या जखमा लवकर भरल्या आणि ते लवकर कामावर परतले. ही आशादायक गोष्ट आहे. परंतु या चाचण्या लहान होत्या आणि द्रव तयार करण्याच्या पद्धतीही सर्वत्र एकसारख्या नाहीत. शिवाय पीआरपी जखम भरण्याचा वेग वाढवू शकते. खाचेत पुन्हा केस साचणे ती थांबवू शकत नाही. पू असलेल्या जखमेवर, किंवा रक्तपट्टिकाच कमी असलेल्या रुग्णाला ती देणे योग्य नव्हे.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे, की केस वाढवण्याच्या जाहिरातींमुळे ओळखीचे झालेले हे नाव ऐकून कर्ज काढण्याची घाई करू नये. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: जखम बंद करता येण्यासारखी आहे का? पीआरपी किती वेळा द्यावी लागेल आणि एकूण खर्च किती येईल? ती न दिल्यास जखम भरण्यास किती अधिक दिवस लागतील? प्रथम तपासणीसाठी कुर्ल्याचे महापालिकेचे भाभा रुग्णालय किंवा शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ आहे.

पीआरपी मिळो वा न मिळो, रोजची स्वच्छता कोणालाच चुकत नाही. स्वच्छ पाण्याने धुणे, सांगितल्याप्रमाणे पट्टी बदलणे, आजूबाजूचे केस नियमित काढणे, सलग फार वेळ न बसणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि धूम्रपान टाळणे, हाच उपचाराचा पाया आहे. या जखमेची अडचण अशी, की ती रुग्णाला स्वतःला दिसत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत, सार्वजनिक नळाच्या पाण्यावर, आईने किंवा भावानेच ती रोज धुवायची असते. आणि अठरा वर्षांच्या मुलाला सर्वांत कठीण वाटते ते हेच.

विनयपिटकात अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडून राहिलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याची विचारपूस कोणी करीत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले आणि आजाऱ्याची सेवा ही संघाची जबाबदारी ठरवली. आमच्या वसतिगृहातही तोच नियम असावा असे आम्हांस वाटते. पट्टी बदलण्यासाठी आडोशाची जागा आणि गरम पाणी मिळावे, कवायतीतून व जमिनीवर बसण्यातून सूट मिळावी, आणि कोणाच्याही दुखण्याची थट्टा होऊ नये. ज्या मुलाला हे ठाऊक असेल, तो पहिल्याच आठवड्यात सांगेल. पुवाची गाठ लहान असतानाच ती डॉक्टरांनी पाहिली, तर पुष्कळ वेळा मोठी शस्त्रक्रिया टळते, आणि मग पीआरपीचा विचार करण्याची वेळही येत नाही.